कोठार बदलताना : डिस्कसंचाची फेरमांडणी आणि राखीव प्रतीची उगवणचाचणी

कोइमतूर येथील तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर १९०९ मध्ये सुरू झालेला कायमस्वरूपी खतप्रयोग देशातील सर्वांत जुन्या प्रयोगांमध्ये गणला जातो. पुढे १९७० मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने दीर्घकालीन खतप्रयोगांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प हाती घेतला आणि देशातील निरनिराळ्या मातींवर त्याच वाफ्यांत, तीच खते, वर्षानुवर्षे देऊन नोंदी ठेवण्यास आरंभ झाला. अशा प्रयोगाचे मोल कोणत्याही एका वर्षाच्या उत्पादनात नसते, ते नोंदींच्या अखंडतेत असते. एखादा वाफा गुरांनी खाल्ला, तर संख्याशास्त्राच्या आधारे त्या एका वाफ्याचा अंदाज बांधता येतो. संपूर्ण हंगामाची नोंद गेली, तर मात्र त्या वर्षीचा पाऊस आणि त्या वर्षीचे ऊन कोणत्याही सूत्राने परत आणता येत नाही.

एके काळी या नोंदी प्रक्षेत्र नोंदवहीत असत. आज त्या कार्यालयाच्या कोपऱ्यातील, चार किंवा सहा हार्ड डिस्क बसवलेल्या एका पेटीत असतात. कृषी विज्ञान केंद्राची आद्यरेषा प्रात्यक्षिके, माती परीक्षणाचे अहवाल, ड्रोनने घेतलेली पिकाची चित्रे, शेतकरी उत्पादक कंपनीची सभासद यादी, खरेदीच्या पावत्या आणि हिशेब असे सारे तेथेच साठते. ड्रोन आल्यापासून या पेट्या फार लवकर भरू लागल्या आहेत. मग कोणीतरी मोठ्या डिस्क बसवण्याचे ठरवते. आग, पूर आणि चोरी यांची भीती प्रत्येकाला असते. परंतु सर्व काही सुरळीत चालू असताना, केवळ जागा वाढवण्याच्या सद्हेतूने केलेल्या या कामात नोंदी जाऊ शकतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

बेरजेचा रकाना

अनेक डिस्क एकत्र जोडून त्यांचा एकच संच करण्याच्या पद्धतीला 'रेड' म्हणतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या शोधनिबंधामुळे हे नाव रूढ झाले. मोठ्या आणि महागड्या एका डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा समूह वापरावा, आणि त्यांतील एखादी बिघडली तरी माहिती वाचावी, हा त्यामागील विचार होता.

ही माहिती वाचते कशी, हे दूध संकलन केंद्राच्या नोंदवहीवरून सहज समजते. तीन उत्पादकांचे दूध अनुक्रमे ८, ५ आणि ११ लिटर आले आणि शेवटच्या रकान्यात २४ ही बेरीज लिहिली. पुढे पाणी सांडून मधला आकडा पुसला गेला, तरी २४ मधून ८ आणि ११ वजा केले की ५ हा आकडा परत मिळतो. 'रेड-५' प्रकारच्या संचात एका डिस्कइतकी जागा अशा 'बेरजे'साठी राखलेली असते. संगणक साध्या बेरजेऐवजी द्विमान पद्धतीची एक क्रिया करतो, एवढाच फरक. 'रेड-६' मध्ये आणखी एक वेगळा रकाना असतो. समजा, पहिल्या उत्पादकाचे दूध एकपट, दुसऱ्याचे दुप्पट आणि तिसऱ्याचे तिप्पट धरून ५१ ही दुसरी बेरीज लिहून ठेवली. तर आता पहिले दोन्ही आकडे पुसले गेले तरी दोन समीकरणांवरून ते काढता येतात. म्हणूनच रेड-६ मध्ये एकाच वेळी दोन डिस्क बंद पडल्या तरी माहिती टिकते.

आता याच उदाहरणात लिहिणाऱ्याने ५ ऐवजी १५ लिहिले असते तर काय झाले असते? बेरीज तत्परतेने ३४ झाली असती. रकाना चुकीच्या आकड्याचेही तितक्याच निष्ठेने रक्षण करतो. कोणी फाइल पुसली, खंडणीखोर व्हायरसने ती कुलूपबंद केली किंवा संपूर्ण पेटीवर वीज कोसळली, तर बेरजेचा काहीही उपयोग नसतो. डिस्कसंच हा काम बंद पडू नये म्हणून असतो. गेलेली गोष्ट परत मिळावी म्हणून राखीव प्रत असते. या दोन गोष्टींत गल्लत करणारी कार्यालये आजही पुष्कळ आहेत, आणि 'आपल्याकडे रेड आहे' हे वाक्य अनेक ठिकाणी बॅकअप न घेण्याचे कारण म्हणून सांगितले जाते.

फेरमांडणीचे तास

चार टेराबाइटच्या चार डिस्क असलेल्या रेड-५ संचात बारा टेराबाइट जागा वापरता येते. ती वाढवण्यासाठी एकेक जुनी डिस्क काढून तिच्या जागी आठ टेराबाइटची नवी घालण्याची पद्धत प्रचलित आहे. पेटी उरलेल्या तीन डिस्कवरून चौथीचा मजकूर पुन्हा तयार करते. तो झाला की दुसरी डिस्क बदलायची, असे चार वेळा करायचे. सेकंदाला दीडशे मेगाबाइट या वेगाने चार टेराबाइट लिहिण्यास सुमारे साडेसात तास लागतात. चार फेऱ्यांचे तीस तास झाले. काम चालू असताना कार्यालयाने संच वापरला तर याहून अधिक.

या तीस तासांत बेरजेच्या रकान्याचे संरक्षण नसते, कारण एक डिस्क मुद्दामच बाहेर काढलेली असते. शिवाय प्रत्येक फेरीत उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे बारा टेराबाइट. घरगुती दर्जाच्या अनेक डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीचे प्रमाण १०० लाख कोटी बिटांमागे कमाल एक असे दिलेले असते. हा हिशेब साडेबारा टेराबाइटपर्यंत जातो. प्रत्यक्षात डिस्क बहुधा याहून चांगल्या चालतात, त्यामुळे प्रत्येक फेरीत चूक होईलच असे नाही. तरीही पाच-सहा वर्षे एकाच पेटीत, एकाच उष्णतेत, एकाच दिवशी खरेदी केलेल्या डिस्कवर हा ताण एकदम येतो, हे विसरता येत नाही.

दुसरा प्रकार रचनाच बदलण्याचा : रेड-५ चे रेड-६ करणे किंवा डिस्कची संख्या वाढवणे. यात संचातील प्रत्येक तुकडा उचलून नव्या जागी ठेवला जातो. काम अर्धे झाले असताना अर्धा संच जुन्या मांडणीत आणि अर्धा नव्या मांडणीत असतो. लिनक्सवर हे काम करणारी 'एमडीएडीएम' ही आज्ञावली काही बदलांच्या वेळी एक 'बॅकअप फाइल' वेगळ्या डिस्कवर ठेवण्यास सांगते. नावामुळे येथे फसगत होते. त्या फाइलमध्ये कार्यालयाच्या नोंदी नसतात. ज्या तुकड्यांची हलवाहलव त्या क्षणी चालू आहे, तेवढ्यांचीच तात्पुरती नक्कल तीत असते. वीज गेल्यास अर्धवट काम पुढे नेता यावे, एवढाच तिचा उपयोग. ती फेरमांडणी चालू असलेल्या त्याच संचावर ठेवणे म्हणजे विहिरीत उतरताना दोर विहिरीतच सोडण्यासारखे आहे.

म्हणून जाणकार व्यवस्थापक बहुधा तिसरा मार्ग स्वीकारतात : सर्व फाइलींची प्रत बाहेर काढावी, ती तपासावी, नव्या डिस्कवर नवा संच कोरा उभारावा आणि फाइली परत आणाव्यात. यात काम दोन दिवस थांबते, अतिरिक्त डिस्क घ्याव्या लागतात. परंतु जुना संच त्या काळात अस्पर्श राहतो, आणि पुढे काहीही बिघडले तरी जुन्या डिस्क पुन्हा पेटीत बसवून पूर्वस्थितीला येता येते. लहान केंद्रांसाठी हाच मार्ग श्रेयस्कर आहे.

क्योतोमध्ये काय घडले

डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट संशोधनमाहिती पुसली गेली. फाइलींची संख्या जवळपास ३ कोटी ४० लाख होती आणि १४ संशोधनगटांना त्याची झळ पोचली. त्यांपैकी ४ गटांची माहिती बॅकअपमधूनही परत मिळाली नाही. आग लागली नव्हती, डिस्क बिघडल्या नव्हत्या. बॅकअप घेणाऱ्या आज्ञावलीत सुधारणा केली जात होती. त्या आज्ञावलीचा एक भाग जुन्या नोंदपत्रिका शोधून पुसण्याचे काम करीत असे. ती चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती लिहिली गेली. परिणामी कोठले पुसायचे हे सांगणारी जागा रिकामी राहिली आणि पुसण्याचे काम मूळ फाइलींवरच चालले. दोन दिवसांच्या आत हे सारे घडले.

रक्षणासाठी नेमलेल्या यंत्रणेनेच घात करावा, हे विलक्षण वाटते. परंतु लहान कार्यालयांतही याचेच धाकटे रूप संभवते. अनेक ठिकाणी रोज रात्री संचाची प्रत बाहेरच्या डिस्कवर आपोआप घेण्याची योजना केलेली असते, आणि तिला 'मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली प्रतीतूनही काढाव्यात' अशी सूचना दिलेली असते. एरवी ही सूचना योग्यच असते. आता समजा, दिवसभरात जुना संच मोडून नवा कोरा संच त्याच नावाने उभा केला, आणि फाइली परत आणण्याचे काम उद्यावर ठेवून सर्वजण घरी गेले. रात्री ठरल्या वेळी योजना जागी होते. तिला मूळ ठिकाण रिकामे दिसते. ती प्रतही रिकामी करते. सकाळी दोन्ही जागा सारख्याच स्वच्छ असतात.

फेरमांडणीचे काम हाती घेण्यापूर्वी अशा सर्व स्वयंचलित योजना बंद करणे आणि त्या बंद असल्याची खात्री दुसऱ्या व्यक्तीने करणे, ही या संपूर्ण कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची खबरदारी होय. फाइली परत आणतानाही दिशा उलटी होते : कालपर्यंत जे 'कोठे' होते ते आज 'कोठून' होते. आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही नावे मोठ्याने वाचण्याची सवय काही तंत्रज्ञ ठेवतात. ती हास्यास्पद मुळीच नाही.

अलेप्पोचे बियाणे

राखीव प्रत कोठे असावी, हे शेतीच्या जगाला संगणकाच्या जगाइतकेच चांगले ठाऊक आहे. शुष्क प्रदेशांतील शेतीवर संशोधन करणाऱ्या 'इकार्डा' या आंतरराष्ट्रीय संस्थेची जनुकपेढी सीरियातील अलेप्पो शहराजवळ होती. गहू, बार्ली, मसूर, हरभरा यांचे हजारो वाण आणि त्यांचे रानटी सोयरे तेथे जपलेले होते. मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्यात अमलाहा येथे या संस्थेचे कडधान्य संशोधन केंद्र असल्याने भारतीय संशोधकांशीही तिचा निकटचा संबंध आहे. सीरियात युद्ध भडकले आणि ती पेढी नेहमीप्रमाणे वापरणे अशक्य झाले. सुदैवाने संस्थेने आपल्या बियाण्याच्या जोडप्रती नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील, २००८ मध्ये उघडलेल्या जागतिक बीजभांडारात आधीच पाठवल्या होत्या. २०१५ मध्ये संस्थेने त्यांतील सुमारे ३८ हजार नमुने परत मागवले. त्या भांडारातून बियाणे परत काढण्याचा तो पहिलाच प्रसंग. लेबनॉन आणि मोरोक्को येथे ते पेरले गेले, वाढवले गेले, आणि २०१७ मध्ये नव्या बियाण्याचा एक भाग पुन्हा स्वालबार्डला जमा झाला.

संगणकाच्या भाषेत हा बॅकअप, पुनर्प्राप्ती आणि पुन्हा बॅकअप असा पूर्ण फेरा आहे. परत आणलेले बियाणे वापरून न संपवता त्याची प्रत पुन्हा दूर ठेवण्यात आली, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे. आपल्याकडेही राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या दिल्लीतील जनुकपेढीत ४ लाखांहून अधिक नमुने उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात जपलेले आहेत, आणि लडाखमधील चांग ला येथे, सतरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, निसर्गदत्त थंडीचा आधार घेणारे बीजभांडार उभारलेले आहे.

नोंदींबाबतही हेच तत्त्व स्वीकारले गेले. परिषदेचे मुख्य माहिती केंद्र नवी दिल्लीच्या भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्थेत आहे. ऑगस्ट २०२० मध्ये 'कृषि मेघ' या नावाने त्याचे पुनर्प्राप्ती केंद्र हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी अनुसंधान व्यवस्थापन अकादमीत सुरू झाले. दिल्ली आणि हैदराबाद ही शहरे भूकंपाच्या दृष्टीने वेगवेगळ्या क्षेत्रांत येतात, हे या निवडीमागचे एक कारण होते. दिल्लीला हादरा बसला तरी तोच हादरा हैदराबादची प्रत नेणार नाही.

तालुक्याच्या ठिकाणच्या कार्यालयाला भूकंपक्षेत्रांचा विचार परवडणारा नाही. पण छप्पर आणि विजेची जोडणी यांचा विचार त्याला करता येतो. फेरमांडणीपूर्वी दोन स्वतंत्र प्रती असाव्यात. त्यांतील एक दुसऱ्या इमारतीत असावी : संलग्न महाविद्यालयात, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा जिल्हा कार्यालयात. दोन्ही प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर त्या एकच प्रत समजाव्यात. आणि मेघसाठ्यावर आपोआप जुळवले जाणारे फोल्डर ही राखीव प्रत समजू नये; येथे पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते, आणि काही दिवसांच्या मुदतीनंतर ती कचरापेटीतूनही जाते.

देवनागरी नावे आणि जुने फाँट

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांना एक अडचण येते, जिचा उल्लेख यंत्रासोबतच्या माहितीपुस्तिकांत सापडत नाही. विंडोज संगणकावर फाइलीच्या नावात २५५ चिन्हे चालतात. डिस्कच्या पेट्या मात्र आतून बहुधा लिनक्सवर चालतात, आणि तेथे मर्यादा २५५ बाइटची असते. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. 'खरीप हंगाम सोयाबीन आद्यरेषा प्रात्यक्षिक लाभार्थी शेतकरी यादी तालुकानिहाय अंतिम सुधारित प्रत' हे नाव कार्यालयीन परंपरेला साजेसेच आहे. त्यात ८१ देवनागरी चिन्हे आणि ११ मोकळ्या जागा आहेत. शेवटचा बिंदू आणि एक्सेलची चार अक्षरे धरून एकूण २५९ बाइट होतात. विंडोजवर ही फाइल वर्षानुवर्षे निर्वेध उघडते. पेटीवर प्रत घेताना ती नाकारली जाते, आणि हजारो फाइलींच्या ओघात ती एक सूचना नजरेतून सुटते. म्हणून प्रत घेण्याचे काम संपल्यावर 'न घेतलेल्या फाइलीं'ची यादी स्वतंत्रपणे वाचलीच पाहिजे, आणि लांब नावे आधीच आखूड करावीत.

बाहेरची डिस्क कोणत्या पद्धतीने स्वरूपित केली आहे, हेही पाहावे. जुन्या 'फॅट-३२' पद्धतीत चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ड्रोनच्या चित्रांपासून जोडलेला शेताचा एक नकाशाही याहून मोठा असू शकतो.

फाइल परत आली म्हणजे मजकूर परत आला, असेही नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी टंकलिखित केलेले अहवाल, पुस्तिका, शिफारशी अशा फाँटमध्ये आहेत, ज्यांत 'क' च्या जागी प्रत्यक्षात एखादे रोमन चिन्ह साठवलेले असते. तो फाँट नव्या संगणकावर नसेल, तर फाइल अक्षरशः जशीच्या तशी परत येऊनही वाचता येत नाही. ज्या जुन्या संगणकावर अशा फाइली आज उघडतात, त्यावरील फाँट आणि शक्य तेथे त्या फाइलींच्या पीडीएफ प्रती राखीव साठ्यात घालाव्यात. जुना संगणक आधी निकालात काढला आणि मग हे आठवले, तर उपाय फार थोडे उरतात.

हिशेबाच्या आणि नोंदणीच्या आज्ञावलींची गोष्ट वेगळी. शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब टॅलीसारख्या आज्ञावलीत असेल किंवा सभासदांची नोंद डेटाबेसमध्ये असेल, तर आज्ञावली चालू असताना तिचे फोल्डर उचलून प्रत करू नये. पहिली फाइल सकाळी दहाची आणि शेवटची साडेदहाची, अशी बेमेळ प्रत हाती येते. आज्ञावलीतच दिलेल्या सोयीने बॅकअप घ्यावा, आणि मग त्या बॅकअपची फाइल प्रतीत समाविष्ट करावी.

शंभर दाणे

घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी शेतकरी गोणपाट ओले करतो, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडतो, गुंडाळी करून सावलीत ठेवतो आणि काही दिवसांनी मोड आलेले दाणे मोजतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरण्यायोग्य. पोते भरलेले आहे, दाणे टपोरे आहेत, एवढ्यावर तो विसंबत नाही. राखीव प्रतीवर मात्र सुशिक्षित कार्यालये नेमकी अशीच विसंबतात : डिस्क भरलेली दिसते, फोल्डरांची नावे दिसतात, म्हणजे प्रत उत्तम.

प्रतीची उगवणचाचणी दोन टप्प्यांत करावी. पहिल्या टप्प्यात प्रत्येक फाइलीचा ठसा घ्यावा. 'एसएचए-२५६' ही पद्धत कोणत्याही फाइलीपासून ६४ अंक-अक्षरांचा एक ठसा तयार करते. फाइलीतील एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्णपणे वेगळा येतो. विंडोज आणि लिनक्स दोहोंतही ही सोय आधीपासून असते. मूळ संचावरील सर्व फाइलींच्या ठशांची यादी करावी, प्रतीवरील फाइलींची करावी, आणि दोन याद्या ताडून पाहाव्यात. येथे शंभर दाणे पुरत नाहीत, कारण एका पोत्यातील दाणे बऱ्याच अंशी सारखे असतात आणि फाइली तशा नसतात. नव्याण्णव फाइली शाबूत असल्याने शंभरावी शाबूत आहे असे सिद्ध होत नाही. यादी पूर्णच हवी. ती छापून किंवा निदान वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवावी, कारण नव्या संचावर फाइली आणल्यावर तिच्याशीच पुन्हा पडताळणी करायची असते.

दुसऱ्या टप्प्यात मात्र शंभर दाण्यांची रीत लागू पडते. ज्या संगणकाचा मूळ संचाशी संबंध नाही अशा वेगळ्या संगणकावर प्रतीची डिस्क जोडावी आणि निरनिराळ्या वर्षांच्या, निरनिराळ्या प्रकारच्या फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात : एक जुना अहवाल, एक माती परीक्षणाचा तक्ता, एक ड्रोन नकाशा, एक चित्रफीत. हिशेबाचा बॅकअप कोऱ्या जागी उतरवून मागील मार्चची शिल्लक जुळते का ते पाहावे. हे काम संगणकतज्ज्ञाने एकट्याने करू नये. फाइल उघडली की नाही हे तो सांगू शकतो. आतील वाफ्यांचे क्रमांक बरोबर आहेत की नाहीत, हे ज्याने ते वाफे पाहिले आहेत त्यालाच कळते.

यास वेळ लागतो. नऊ टेराबाइट माहिती साध्या नेटवर्कवरून बाहेर काढण्यास जवळजवळ संपूर्ण दिवस जातो, ठसे ताडण्यास आणखी तितकाच. प्रत, पडताळणी, नवा संच, पुनर्प्राप्ती आणि पुन्हा पडताळणी मिळून चार-पाच दिवस धरावेत. पीककापणी प्रयोगांचे अहवाल पाठवण्याच्या धांदलीत किंवा वळवाच्या विजा कडाडत असताना हे काम काढू नये. मे महिन्याच्या उकाड्यात डिस्क तासन्‌तास पूर्ण भाराने चालवणेही बरे नाही. थंडीच्या दिवसांतील जोडून आलेल्या सुट्ट्या त्यासाठी सोयीच्या. यूपीएस असावा, आणि त्याची बॅटरी किती मिनिटे टिकते हे आदल्या दिवशी प्रत्यक्ष प्लग काढून पाहिलेले असावे.

जुन्या डिस्क

काढलेल्या प्रत्येक डिस्कवर ती कितव्या खणातील होती याची चिठ्ठी लावावी आणि तिचा अनुक्रमांक वहीत लिहावा. काढण्यापूर्वी पेटीचे छायाचित्र घेतल्यास उत्तम. पेटीची कंपनी, प्रकार आणि आज्ञावलीची आवृत्तीही टिपून ठेवावी, कारण एका कंपनीच्या नियंत्रकाने बांधलेला संच दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रकाला ओळखता येईलच असे नाही. जुन्या डिस्कमध्ये 'काय आहे ते पाहावे' म्हणून ती सहज दुसऱ्या पेटीत घालू नये. अनेक पेट्या अनोळखी डिस्क दिसताच ती कोरी करण्याविषयी विचारतात, आणि घाईत त्याला होकार दिला जातो.

नव्या संचाची पडताळणी पूर्ण झाली, रात्रीच्या स्वयंचलित योजना पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांतून घेतलेली पहिली प्रतही तपासली, तरी जुन्या डिस्क लगेच निकालात काढू नयेत. एक संपूर्ण हंगाम त्या बाजूला राहू द्याव्यात. वर्षातून एकदाच उघडल्या जाणाऱ्या फाइली याच काळात कोणाला तरी लागतात, आणि काही राहून गेले असेल तर ते तेव्हाच उघडकीस येते.

त्यानंतर मात्र त्या कपाटात पडून राहता कामा नयेत. त्यांवर शेतकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, सातबारा उतारे असतात, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ अस्तित्वात आल्यापासून अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी अधिक स्पष्ट झाली आहे. चालू स्थितीतील डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्ये लिहून पुसावी. केवळ फाइली डिलीट केल्याने किंवा झटपट फॉरमॅट केल्याने मजकूर जात नाही. जी डिस्क सुरूच होत नाही, तिच्या तबकड्यांना ड्रिलने आरपार छिद्रे पाडावीत. मग तिचा अनुक्रमांक वहीतील नोंदीशी ताडून जडसंग्रह नोंदवहीत निर्लेखनाची नोंद घ्यावी, आणि त्या नोंदीसमोर पुसणाऱ्याची व पाहणाऱ्याची अशा दोन्ही स्वाक्षऱ्या असाव्यात.